शरीराची खोटी साक्ष

रात्री खराब हवेत एखादे छोटे खासगी विमान कोसळल्याचे वृत्त वाचले म्हणजे आपण मनाशी झंझावात आणि विद्युल्लता यांचे चित्र रंगवू लागतो. परंतु 3 फेब्रुवारी 1959 रोजी, रात्री एकच्या सुमारास, बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन या लोकप्रिय गायकांना घेऊन अमेरिकेतील आयोवा राज्याच्या मेसन सिटी विमानतळावरून फार्गोकडे निघालेले जे बीचक्राफ्ट बोनान्झा विमान काही मैलांतच एका शेतात आदळले, त्याच्या वाटेत बोचरा वारा, हलका हिमवर्षाव, तारे झाकणारे अभ्र आणि क्वचितच दिवा दिसेल असा मुलूख, एवढेच होते. दौऱ्याच्या बसमध्ये उष्णतेची सोय बिघडून एका वादकाच्या पायांना हिमदंश झाला होता, म्हणून हॉलीने विमान भाड्याने ठरविले होते.

घात झाला तो क्षितिज नाहीसे झाल्यामुळे. अंतर्कर्णातील नलिकांतला द्रव वळण सुरू होताच त्याची वर्दी देतो खरा, पण विमान एकाच गतीने वळत राहिले की तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो, आणि वैमानिकाला आपण सरळच चाललो आहोत असा निःशंक प्रत्यय येत असताना विमान एका अंगावर कलून गोल गोल खाली उतरत असते. इलिनॉय विद्यापीठाने 1954 मध्ये, केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसलेल्या 20 वैमानिकांना बाहेरचे काही दिसू न देता उडविले. विसांचाही ताबा सुटला, आणि त्याला सरासरी 178 सेकंद पुरली.

मेसन सिटीचा वैमानिक अवघ्या 21 वर्षांचा होता, त्याच्यापाशी उपकरण-उड्डाणाचा परवाना नव्हता, आदल्या वर्षी त्या परीक्षेत तो अनुत्तीर्णही झाला होता. त्यात विमानाचे नाक वर आहे की खाली हे दाखविणारे उपकरण त्याच्या सवयीच्या उपकरणाहून नेमके उलट्या रीतीने ते दर्शवीत असे. तेव्हा उतरत असता आपण चढत आहोत असा त्याचा ग्रह होणे अगदी संभवनीय होते. नागरी विमानवाहतूक मंडळाने त्याचा उड्डाणाचा निर्णय अविचारी ठरविला. तो तसा होताच. परंतु त्याच अहवालात हेही नमूद आहे, आणि मला ते अधिक गंभीर वाटते, की हवामानाचे विशेष इशारे जारी झालेले असतानाही चौकशीला आलेल्या त्या तरुणाला ते कोणी सांगितलेच नव्हते.