खमिराविना भाकर

गेल्या पावसाळ्यात सौसरकडील एका खेड्यात संध्याकाळच्या वेळी एका कुटुंबाच्या भेटीस जाण्याचा योग आला. घर लहान, परंतु सारवलेले व स्वच्छ. मी ओसरीवर बसतो न बसतो तोच घरच्या सुनेने आपल्या मुलाला हळूच मागील दाराने पिटाळले. तो पाव आणण्यासाठी दुकानात गेला होता, आणि तोही उधारीवर, हे मला मागाहून कळले. अर्ध्या तासाने मुलगा भिजून, रिकाम्या हाताने परतला. पाव संपला होता. त्या माउलीचा चेहरा पडला. "फादर, तुमच्यापुढं ठेवायला आज घरात काहीच नाही," असे म्हणताना तिचे डोळे भरून आले.

तोच आतून आजीबाईंचा आवाज आला : "कायले लाजतं व? डब्यात कणीक हाये, मडक्यात दही हाये. ठेव कढई चुलीवर!" आणि पाऊण तासाच्या आत माझ्यासमोर फुगलेल्या, तांबूस, गरम भाकरी व हिरव्या मिरचीचा ठेचा आला. इतके रुचकर अन्न मी कित्येक दिवसांत खाल्ले नव्हते.

वाचकहो, त्या रात्री घरी परतताना मला एका गोष्टीची लाज वाटली. पाहुणा आला की विकतचा पाव, बिस्किटे वा केक मांडावा, ही समजूत आपल्या घरांत कोणी रुजवली? अशा बशीची तोंडभर स्तुती करणारे आम्ही पाहुणेच त्यास कारण नाही काय? गरिबाने आपल्या डब्यातील कणकेची लाज बाळगावी आणि दुकानाच्या वहीत नाव चढवावे, ही गोष्ट लहान नव्हे.

खमिराने फुगविलेला पाव आपल्या देशाच्या या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या काळात रुजला. १५१० साली गोवा त्यांच्या हाती गेले. तेथे विलायती खमीर मिळेना, तेव्हा माडाच्या सुरेने पीठ आंबवू लागले. तेथील पोदेरांचा व्यवसाय त्यातूनच वाढला. वसईकडील आपल्या बांधवांचे फुगेही पूर्वी ताडीनेच फुगत. पांढुर्णा-सौसरच्या या संत्र्या-कापसाच्या मुलखात माड नाहीत. परंतु आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे आहेत, सणावाराच्या पुऱ्या व गुळाचे गुलगुले आहेत. यांपैकी कशालाही खमीर लागत नाही.

बेखमीर भाकर कमी प्रतीची, असेही कोणी समजू नये. मिसर देशातून निघताना इस्राएल लोकांना पीठ फुगेपर्यंत थांबण्यास अवसर नव्हता. न फुगलेली कणीकच खांद्यावर घेऊन ते निघाले, असे निर्गमाच्या १२ व्या अध्यायात सांगितले आहे. आपल्या लॅटिन विधीच्या वेदीवर येणारी भाकरही केवळ गहू व पाणी यांचीच, बेखमीर असते.

दूर अमेरिकेतही अशीच एक कथा आहे. १८६४ साली तेथील सैन्याने नावाहो नावाच्या आदिवासींना त्यांच्या भूमीतून हुसकावून शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडो येथे नेले. त्यांची शेते, फळबागा, मेंढरे नष्ट झाली. हाती आले ते सरकारी शिध्याचे पीठ, मीठ व चरबी. त्यातून स्त्रियांनी तळलेली भाकर करून मुले जगविली, असे ते लोक सांगतात. १८६८ साली ते स्वदेशी परतले. त्यांच्या वंशजांना त्या भाकरीत दुःखही आठवते आणि तगून राहिल्याचा अभिमानही.

आता आजीबाईंची कृती सांगतो. दोन वाट्या कणीक घ्यावी. हवी तर त्यात निम्मा मैदा घालावा. अर्धा चहाचा चमचा मीठ, एक चमचा साखर व पाव चमचा खाण्याचा सोडा त्यात नीट मिसळावा. मग अर्धी वाटी आंबट दही व एक चमचा तेल घालून, लागेल तसे पाणी शिंपडत मऊसर गोळा मळावा आणि ओल्या फडक्याखाली वीस मिनिटे ठेवावा. आठ-दहा गोळे करून पुरीपेक्षा जाडसर लाटावेत व गरम तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस तळावेत.

याचे मर्म असे. दह्यातील आंबटपणा व सोडा एकत्र येताच कर्बाम्ल वायू सुटतो व त्याचे बुडबुडे कणकेस हलके करतात. खमिराला ज्या कामास तास-दोन तास लागतात, ते येथे मिनिटांत होते. म्हणून हे पीठ फार वेळ ठेवू नये. वायू निघून जातो. दही आंबट नसेल किंवा सोडा अधिक पडला, तर भाकर पिवळट पडून साबणासारखी लागते. घरात सोडा नसल्यास साधी घट्ट कणीक मळून पुऱ्याच कराव्यात. पुरी फुगते ती वाफेने. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सोळाशे पट जागा व्यापते.

तेल तापले की नाही, हे पाहण्यास कणकेचा लहानसा कण टाकावा. तो लगेच वर आला तर तेल योग्य तापले. कोमट तेलात भाकर तेल पिते. धुरावलेल्या तेलात बाहेरून करपते व आत कच्ची राहते. मुलांना कढईपासून दूर ठेवावे. तेलाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी कधीही ओतू नये. विस्तव बंद करून कढईवर झाकण घालावे.

मात्र तळलेले अन्न रोजचे नव्हे. मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी तर जपूनच खावे. तीच कणीक त्यांच्यासाठी तव्यावर भाजता येते.

माताभगिनींनो, पुढच्या वेळी आम्ही दारी आलो, तर मुलाला पावसात दुकानी धाडू नका. घरात असेल ते पुढे ठेवा. काही नसेल तर तांब्याभर पाणी द्या. आणि आम्ही पाहुण्यांनी ते आनंदाने घ्यावे, एवढे तरी आम्हास शिकता आले पाहिजे.