गिऱ्हाईक कोणाचें?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत दिवाळीपूर्वीं घडलेला एक प्रसंग सांगून आजच्या विषयास आरंभ करणें आम्हांस उचित वाटतें. हें कुटुंब पुण्यांतलें, तीन पिढ्या एकत्र नांदणारें. थोरल्या सूनबाईंनीं सासूबाईंच्या देखरेखीखालीं भाजणी, मेतकूट, अनारशाचें पीठ आणि दिवाळीचा फराळ विकण्यास सुरुवात केली. धाकट्या दिरानें एका समाजमाध्यमावर त्यांस खातें उघडून दिलें. सोऱ्यांतून पडणाऱ्या चकलीचें चलच्चित्र लोकांस इतकें आवडलें कीं, दोन-तीन वर्षांत कांहीं हजार अनुयायी जमले. मागणी तेथेंच यावी, भाव तेथेंच सांगावा, परदेशीं असलेल्या मुलाकडे डबा पाठवावयाचा तर त्याचा पत्ताहि तेथेंच कळवावा, असा क्रम पडून गेला.

आणि ऐन हंगामांत एके सकाळीं तें खातें बंद झालेलें आढळलें. कारण कोणी सांगेना. तक्रार करावी तर उत्तर देणारा मनुष्य भेटेना. यंत्राचें ठराविक उत्तर तेवढें येई. नऊ दिवसांनीं खातें परत मिळालें, परंतु तोंवर वसुबारस उलटून गेली होती. आलेल्या मागण्या बंद खात्यांत अडकल्या, आणि तयार फराळाचे डबे माजघरांत राहिले. सासूबाईंनीं कोणास बोल लावला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "अग, इतकीं माणसें आपल्याकडून नेत होतीं, त्यांतल्या एकाचाहि पत्ता आपण वहींत उतरून ठेवला नाहीं?"

या साध्या प्रश्नांत आजच्या व्यापाराचें एक मोठें मर्म सांठविलेलें आहे. जुन्या पेठेंतला दुकानदार आपली खातेवही तिजोरीइतकीच जपत असे. कोणत्या घरीं लग्न आहे, कोणाकडे श्रावणांत सवाष्ण जेवावयाची आहे, कोणास तूप कसें लागतें, हें त्यास ठाऊक असे. दुकानाची जागा बदलली तरी खातेवही त्याच्याबरोबर जाई. आज हजारों अनुयायी मिळविणाऱ्या व्यावसायिकाजवळ अशी वही आहे काय? बहुतेकांजवळ ती नाहीं. अनुयायांची यादी माध्यम चालविणाऱ्या कंपनीजवळ आहे, आणि ती उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, दहा हजार अनुयायी असले म्हणजे आपला मजकूर दहा हजार लोकांपर्यंत पोहोंचतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. कोणास काय दाखवावयाचें हें कंपनीची गणितपद्धति ठरविते, आणि ती पद्धति कंपनी आपल्या सोयीप्रमाणें बदलीत असते. जानेवारी २०१८ मध्यें फेसबुकनें जाहीर केलें कीं, यापुढें व्यवसायांच्या व वृत्तसंस्थांच्या मजकुरापेक्षां आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रस्थान मिळेल. वाचकाच्या दृष्टीनें त्यांत गैर कांहीं नव्हतें. परंतु वर्षानुवर्षें खपून अनुयायी जमविलेल्या व्यावसायिकांस त्याच अनुयायांपर्यंत पोहोंचण्यासाठीं जाहिरातीचे पैसे मोजण्याची पाळी आली.

कांहीं वेळां तर संबंध बाजारच उठून जातो. आपल्या देशांत एके काळीं अत्यंत लोकप्रिय असलेलें ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ५९ परदेशी ॲप्सवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होतें. खेड्यापाड्यांतील कितीतरी होतकरू मंडळींनीं तेथें जमविलेला प्रेक्षकवर्ग एका आज्ञेसरशी नाहींसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं, नवरात्र तीन दिवसांवर आलें असतां, रात्रीं नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हीं तिन्ही माध्यमें एकदमच बंद पडलीं व सुमारें सहा तास बंद राहिलीं. तिन्हींचा मालक एकच असल्यामुळें, एक गेलें तर दुसरें आहे, हा भरंवसाहि त्या रात्रीं फोल ठरला.

स्वतःचें साधन असावें, ही दृष्टि महाराष्ट्रास नवी नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळीं उतरविणें हें सोपें काम नव्हतें. जाहिरातीस वर्तमानपत्रें होतींच. तथापि कारखान्यानें १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें आपलें स्वतःचें पत्र काढलें. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखालीं तें इतकें वाढलें कीं, पुढें १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर' हीं मासिकेंहि त्याच परिवारांत निघालीं. दुसऱ्याच्या पत्रांत जाहिरात जरूर द्यावी, पण आपल्या वाचकाशीं बोलण्याचें एक साधन आपल्या हातीं असावें, हा बोध या उदाहरणांतून आजच्या लहान व्यावसायिकासहि घेतां येईल.

आतां कोणी म्हणेल, संकेतस्थळ उघडून ठेवल्यानें गिऱ्हाईक आपण होऊन येतें काय? मुळींच नाहीं. गर्दी जेथें आहे तेथें गेलेंच पाहिजे. समाजमाध्यम सोडून द्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. आळींतल्या चार घरीं पोळीभाजीचा डबा देणाऱ्या बाईंस तर संकेतस्थळाचें कारणहि नाहीं. त्यांस दूरध्वनि आणि चांगली चव एवढें पुरेसें आहे. शिवाय ग्राहकास प्रत्येक क्षुल्लक चौकशीसाठीं दुसरीकडे पिटाळणें हें अगत्याचें लक्षण नव्हे. भाव विचारला तर तेथेंच सांगावा. परंतु ज्याचा माल परगांवीं जातो, ज्याचे ग्राहक वर्षांतून एकदोनदांच येतात, त्यानें मात्र माध्यमावरील ओळखीचें रूपांतर स्वतःच्या दारच्या ओळखींत केलेंच पाहिजे.

संकेतस्थळहि भाड्याच्याच यंत्रावर चालतें, तेव्हां फरक तो काय, असाहि आक्षेप ऐकूं येतो. फरक नांवाचा आहे. संकेतस्थळाचें नांव आपल्या नांवें नोंदलेलें असलें आणि त्याची फी वेळेवर भरली, म्हणजे एका कंपनीच्या यंत्रावरून तें दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर हलवितां येतें. आंतली जागा बदलते, पत्ता तोच राहतो. समाजमाध्यमाच्या खात्यास ही सोय नाहीं.

म्हणून या मार्गानें जाऊं इच्छिणाऱ्यांस चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, संकेतस्थळाचें नांव व्यवसाय चालविणाऱ्या व्यक्तीच्याच नांवें नोंदवावें. काम करून देणाऱ्या कंत्राटदाराच्या किंवा हौशी भाच्याच्या नांवें नव्हे. दुसरी, त्यावर मालाची यादी, चालू भाव, पाठवणीस लागणारे दिवस आणि माल परत घेण्याचा नियम स्वच्छ लिहावा; दोन वर्षांपूर्वींचा भाव दिसला तर आलेला मनुष्य पुन्हां येत नाहीं. तिसरी, ग्राहकाचा पत्ता वा ई-मेल त्याच्या संमतीनेंच टिपावा, आणि जेवढें लागेल तेवढेंच टिपावें; व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेनें २०२३ सालीं संमत केला आहे. चौथी, ग्राहकास तेथें येण्यास कांहीं कारण द्यावें. भाजणीचें थालीपीठ कसें लावावें, अनारशाचें पीठ किती दिवस टिकतें, असा उपयुक्त मजकूर तेथें असला म्हणजे लोक आपण होऊन येतात व घरच्यांसहि दाखवितात.

आरंभीं सांगितलेल्या कुटुंबानें पुढच्या वर्षीं हेंच केलें. दिरानें संकेतस्थळ उभारलें, सूनबाईंनीं पाककृति लिहिल्या, आणि प्रत्येक डब्यांत संकेतस्थळाच्या पत्त्याची लहानशी चिठ्ठी जाऊं लागली. समाजमाध्यमावरचें खातेंहि चालू आहे. चकलीचीं चित्रें अजून तेथेंच झळकतात. मागणी मात्र आतां बहुतेक स्वतःच्या संकेतस्थळावर नोंदली जाते. यादी संगणकांत असतेच, तरी दर महिन्याच्या अखेरीस सासूबाई ती नातीकडून वाचून घेतात आणि लाल कापडी बांधणीच्या वहींत स्वतःच्या अक्षरांत उतरून काढतात. गेल्या दिवाळींत त्या वहीचीं सत्तर पानें भरलीं होतीं.