गिटारचा सौदा : पाहावे काय, मागावे काय?

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. पॉपलीन असो, मांजरपाट असो की सूटिंग, ताका हातात घेतला की माल कसा आहे आणि दाम काय असावा, हे बोटांनाच कळते. पण दुसऱ्याच्या धंद्यातल्या मालापुढे मीही वाचकांसारखाच अडाणी गिऱ्हाईक असतो. ही गोष्ट मला एका गिटारने शिकवली आणि तिची किंमत माझ्या भाच्याला मोजावी लागली. आज आपल्या जिल्ह्यात यवतमाळ, पुसद, दिग्रस, वणी कुठेही जा, कॉलेजात जाणारी मुले गिटार मागू लागली आहेत. आईबापांनी ही खरेदी डोळे उघडे ठेवून करावी, म्हणून हा लेख.

आठशे रुपयांची 'बचत'

माझी धाकटी बहीण शिवणकाम करून घर चालवते. तिचा मुलगा यवतमाळला शिकतो. मित्राच्या गिटारवर हात बसवल्यावर तो मला म्हणाला, "मामू, मला स्वतःची पाहिजे." मी मालाच्या खरेदीसाठी एका मोठ्या शहरात गेलो होतो, तिथल्या एका दुकानात शिरलो. लाल रंगाची, आरशासारखी चमकणारी गिटार होती. दुकानदाराने ३,२०० रुपये सांगितले. मी नेहमीच्या सवयीने घासाघीस करून २,४०० ला ती उचलली. आठशे रुपये वाचवले म्हणून गाडीत बसल्यावर मी स्वतःवरच खूश होतो.

महिनाभरात मुलाच्या बोटांना फोड आले. तारा इतक्या उंच होत्या की दाबताना जीव जाई. खाली सुरात लागलेली तार वरच्या पडद्यांवर बेसूर होई. मे महिन्यात तारा अडकवतात ती घोडी पाटीपासून सुटू लागली. मुलाने गिटार पलंगाखाली सरकवली. त्याने मला दोष दिला नाही, दुकानालाही दिला नाही. "मामू, माझ्या हातातच कला नाही," असे तो म्हणाला. हे वाक्य मला आठशे रुपयांपेक्षा महाग पडले. खोट मालात होती आणि मुलाने ती स्वतःवर घेतली.

पुढे लग्नाच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने त्याला सांगितले की धड वाद्य आण, तुला सीझनला घेतो. तेव्हा बहिणीने शिलाईतून जमवलेले ६,००० रुपये माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "भाईजान, या वेळी जपून." मी मनाशी ठरवले की आधी माल शिकायचा, मग दाम बोलायचा. जाणकारांना विचारले, दोन-तीन शिकवणाऱ्यांकडे जाऊन बसलो. जे समजले ते पुढे देत आहे.

चमक म्हणजे खळ

कापडवाल्याला खळ काय असते हे सांगावे लागत नाही. हलक्या कापडाला भरपूर खळ दिली की ते जाड आणि करकरीत लागते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हातात चिंधी राहते. स्वस्त गिटारवरच्या जाड लकाकीचे तसेच आहे. तिच्याखाली काय दडले आहे ते पाहावे.

गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या पाटीतून निघतो. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस नावाचा मोठा कारागीर होऊन गेला. हे दाखवण्यासाठी त्याने १८६२ साली एक गिटार अशी बनवली की तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या, फक्त वरची पाटी लाकडाची. म्हणून पैसे कमी असतील तर ते पाटीत घालावेत. नक्षी, रंग, शिंपल्याचे काम यांत घालू नयेत.

ही पाटी दोन प्रकारची असते. एक सलग लाकडाची, दुसरी प्लायवूडसारखी थर चिकटवलेली. मधल्या गोल भोकाची कड निरखून पाहावी. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसल्या तर पाटी सलग आहे. कडेला थरांच्या पट्ट्या दिसल्या तर ती प्लायची. पाच-सहा हजारांत बहुतेक प्लायचीच मिळते. शिकणाऱ्याला ती चालते आणि उन्हाळ्यात ती कमी तडकते. मात्र प्लायचा माल सलग म्हणून कोणी विकत असेल, तर ते टेरिकॉटला खादी म्हणण्यासारखे आहे.

खिशात टेप ठेवा

दुसरी तपासणी तारांच्या उंचीची. मानेवरचे पडदे मोजत बाराव्यापर्यंत यावे. तिथे सर्वांत जाड तार पडद्यापासून साधारण दोन ते अडीच मिलिमीटर उंच असावी. तीनच्या वर गेली तर नवशिक्याची बोटे सोलून निघतील. आम्हा कापडवाल्यांच्या खिशात टेप असतोच, इतरांनीही शाळेची पट्टी न्यायला लाजू नये.

तिसरी गोष्ट मानेची. एक डोळा मिटून, बंदुकीचा नेम धरावा तशी वरच्या टोकाकडून मानेवर नजर टाकावी. मान पिळलेली असेल तर ती गिटार फुकटसुद्धा घेऊ नये. किंचित खोलगटपणा चालतो. बऱ्याच गिटारींच्या मानेत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. किल्लीने ती फिरवून मान सरळ करता येते. ही सळई आहे काय, आणि ती फिरते काय, हे जरूर विचारावे.

चौथी तपासणी सुराची. मोकळी तार वाजवून ऐकावी, मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. दुसरा सूर पहिल्याच्या बरोबर एक सप्तक वर यायला हवा. कानावर भरवसा नसेल तर मोबाइलवर सूर जुळवण्याचे फुकट ॲप मिळते, त्यात काटा मध्ये येतो की नाही ते दिसते. माझ्या चमकणाऱ्या गिटारची ही एक तपासणी केली असती तरी २,४०० रुपये वाचले असते.

शेवटी मानेच्या दोन्ही कडांवरून हात फिरवावा. पडद्यांची टोके हाताला ओरखडत असतील तर काम घाईत झाले आहे. सहाही खुंट्या फिरवून पाहाव्यात, अडकू नयेत आणि ढिल्याही नसाव्यात. घोडीच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहावा. तो आत गेला तर घोडी उचलली जाऊ लागली आहे.

मापाचेही पाहावे. बाजारात सर्वांत जास्त दिसते ती मोठ्या अंगाची 'ड्रेडनॉट'. ब्रिटिश युद्धनौकेवरून हे नाव पडले आणि अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९१६ साली हा घाट प्रथम बनवला. तिचा आवाज दणदणीत असतो, पण लहान चणीच्या मुलामुलींना ती काखेत मावत नाही. त्यांनी लहान अंगाची घ्यावी. नायलॉन तारांच्या गिटारला लोखंडी तारा कधीही चढवू नयेत, ताणाने तिची पाटी फुगते.

मेक आणि दाम

आपल्या देशात गिटारचे जुने केंद्र कोलकाता. गिवसन, हॉबनर ही तिथली नावे लहान गावांतही पोहोचली आहेत. मुंबईत धोबी तलाव भागातले फुर्टाडोज हे वाद्यांचे दुकान १८६५ पासूनचे आहे. परदेशी मालात यामाहाची इंडोनेशियात तयार होणारी एफ-३१० नवशिक्यांसाठी नावाजलेली आहे, पण ती आमच्या आवाक्याबाहेर होती. ढोबळ हिशेब असा : तीन हजारांच्या आतली गिटार बहुतेक वेळा खेळणे निघते, चार ते सात हजारांत तपासून घेतली तर शिकण्याजोगी मिळते, आणि दहाच्या पुढे गेल्यास वाद्य बरीच वर्षे टिकते.

जुनी गिटारही वाईट नाही. वसतिगृह सोडून जाणारी मुले अर्ध्या किमतीत विकतात. मात्र वरच्या सगळ्या तपासण्या जुन्या मालाला दुप्पट काळजीने लावाव्यात.

खोक्यावरच्या छापील किमतीला भुलू नये. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही हा कायदा खरा, पण ती मुळातच फुगवलेली असली तर 'चाळीस टक्के सूट' म्हणजे सूट नव्हेच. तीच गिटार दोन-तीन ठिकाणी काय दराने विकली जाते, ते मोबाइलवर पाहून मगच दुकानाची पायरी चढावी. कोणत्या देशात बनली आणि आयात कोणी केली, हेही खोक्यावर वाचावे.

घासाघिशीचा कायदा

नागपूरच्या एका दुकानात आम्ही मामा-भाचे सकाळीच गेलो. सकाळी गर्दी नसते आणि दुकानदाराला बोलायला सवड असते. संध्याकाळच्या गर्दीत सौदा होतो, तपासणी होत नाही. मुलाला आधीच बजावले होते, "आवडली तरी चेहऱ्यावर दाखवू नकोस." तीन गिटारी मागवल्या. देखणी होती तिची तार साडेतीन मिलिमीटर भरली. दुसरी सुरात लागेना. तिसरी फिक्या रंगाची, साधी, पण मान सरळ आणि सूर नेमका. किंमत ६,८०० सांगितली.

इथे मी एक गोष्ट केली नाही. मी मालाला नावे ठेवली नाहीत. चांगल्या मालाला वाईट म्हणून दाम पाडणे हा गिऱ्हाइकाचा खोटेपणा आहे. मी तीस वर्षे तो ऐकत आलो, म्हणून स्वतः करवत नाही. विकणाऱ्याने ऐब सांगून विकावा, ही आपल्या वाडवडिलांची शिकवण. घेणाऱ्यानेही खरे तेच बोलावे. मी सरळ म्हणालो, "माल चांगला आहे. माझ्याकडे सगळे मिळून सहा हजार आहेत. तुम्हाला परवडेल ते बोला."

मग दामापेक्षा सोबत काय मिळेल यावर बोललो. गिटार विकताना नफा मर्यादित असतो, पण पिशवी, तारांचा जादा संच यांत दुकानदाराला सोडायला जागा असते. त्याला २०० रुपये सोडणे जड जाते, ५०० रुपये विक्रीची पिशवी देणे तेवढे जड जात नाही, कारण ती त्याला बरीच कमी पडलेली असते. कापडातही असेच : मीटरमागे दोन रुपये सोडायला मी नाखूश असतो, अस्तर मात्र वर देतो. सर्वांत मोलाचे म्हणजे आमच्यासमोर तारा बेताच्या उंचीवर बसवून द्याव्यात, ही मागणी. घोडीवरची पट्टी खालून घासून हे होते. बाहेर यासाठी वेगळे पैसे पडतात.

दुकानदार हसून म्हणाला, "सेठ, तुम्ही कापडवाले दिसता." सौदा ५,७०० ला तुटला. त्यात पिशवी, जादा तारा आणि दोन तासांची बैठक, पक्क्या बिलासकट. तारा कुठे रुतून बसल्या तर पंधरा दिवसांत पुन्हा दुरुस्त करून देण्याचे त्याने बिलावरच लिहून दिले. बोललेले कागदावर घ्यावे, यात अविश्वास नाही, दोघांचीही सोय आहे.

घासाघिशीला हद्दही असावी. कारखान्याच्या मालात मधल्या हातांचा नफा असतो, तिथे बोलायला जागा आहे. पण मिरजेला शिकलगार घराणी सतार-तंबोरे बनवतात, तिथली गोष्ट वेगळी. एकेकाळी हत्यारांना धार लावणारे हे हात पुढे भोपळा आणि लाकूड घडवू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे एकेक वाद्य हाताने होते. तिथे हजार रुपये पाडून मागाल तर ते कारागिराच्या मजुरीतून जातात. कोणाच्या नफ्यातून मागतो आहोत आणि कोणाच्या भाकरीतून, हे घेणाऱ्याने ओळखावे.

घरी आणल्यावर

आपल्या विदर्भाचा उन्हाळा लाकडाचा वैरी. पत्र्याच्या खोलीत, उन्हात उभ्या गाडीत किंवा कुलरच्या थेट झोतात गिटार ठेवू नये. भिंतीला टेकवून न ठेवता पिशवीत घालून पलंगावर किंवा कपाटात ठेवावी. वाजवून झाल्यावर सुक्या सुती फडक्याने तारा पुसाव्यात, घामाने त्या गंजतात. पावसाळ्यात हे विशेष पाळावे. मोठ्या सुटीत वाजवायची नसेल तर तारा थोड्या सैल कराव्यात.

लग्नाच्या सीझनमध्ये भाचा पाच कार्यक्रमांना गेला. पहिल्या कमाईतून त्याने आईच्या मशीनला नवी मोटर बसवली. जुनी लाल गिटार अजून माझ्या दुकानात माळ्यावर आहे. स्वस्त माल मागायला कोणी फार घासाघीस करू लागला की मी ती खाली काढून दाखवतो.