न्हाणीघरात अचानक हृदय थांबते तेव्हा

हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन किंवा थांबून रक्ताभिसरण बंद पडते, त्याला कार्डियाक अरेस्ट म्हणतात. हृदयविकाराचा झटका वेगळा. त्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि छातीत दुखत असल्याचे सांगू शकतो. अरेस्टमध्ये काही सेकंदांत शुद्ध हरपते. झटक्यामुळे हृदयातील विद्युतसंदेश बिघडून अरेस्ट ओढवू शकतो, म्हणून या दोन नावांची गल्लत होते.

हा प्रसंग न्हाणीघरात किंवा शौचालयात येण्यामागे पहिले कारण वेळेचे आहे. पहाटे जाग येताना रक्तदाब आणि नाडी वाढते, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. झटक्यांचे प्रमाण सकाळीच अधिक असते, आणि शौच-स्नानाची वेळही तीच. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. निफाडला काही हिवाळ्यांत तो ५ अंशांच्याही खाली गेला आहे. दुलईतून उठून गार फरशीवर पाऊल पडताच त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावरचा भार वाढतो.

दुसरे कारण कुंथण्याचे. श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते. जोर सोडताच रक्तदाब उसळतो. निरोगी हृदय हे चढउतार सोसते, आजारी हृदयाची लय त्यात बिघडू शकते. रात्री लघवीला झटकन उठल्यावर रक्तदाब घसरून भोवळ येते, ती मात्र बहुतेकदा अरेस्ट नसते.

तिसरे कारण पाण्याचे. डोक्यावर एकदम गार पाणी घेतल्यास रक्तदाब व नाडी उसळते. फार कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो. जपानमध्ये खोल टबातील गरम पाण्यात बसून स्नान करण्याची रीत आहे. तिथे वृद्धांचे स्नानगृहातील मृत्यू हिवाळ्यात वाढतात.

न्हाणीघरातला प्रत्येक मृत्यू मात्र हृदयविकाराचा नसतो. बंद खोलीत गॅस गिझर चालू राहिल्यास कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. गिझर किंवा पाणी तापवण्याच्या रॉडचा विजेचा धक्काही हृदय थांबवतो.

सर्वांत मोठा धोका आतून लावलेल्या कडीचा आहे. रक्त थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. बाहेर मात्र आंघोळीला वेळ लागतोय, असेच घरच्यांना वाटत राहते.

हाकेला ओ मिळाली नाही तर दार तोडावे. आधी विजेचा मेन स्विच आणि गॅस बंद करावा, खिडक्या उघडाव्यात. रुग्णाला ओल्या, अरुंद जागेतून बाहेर ओढून कोरड्या, टणक जमिनीवर उताणे निजवावे. प्रतिसाद नसेल आणि श्वास नसेल किंवा नुसते आचके असतील, तर एकाने १०८ ला फोन करावा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी एका हातावर दुसरा हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाबावे आणि मदत येईपर्यंत थांबू नये. कांदा हुंगवण्यात किंवा तोंडात पाणी घालण्यात वेळ दवडू नये. विद्युतझटका देणारे डिफिब्रिलेटर आल्यावर छाती पुसून कोरडी करावी.

काळजी साधीच आहे. हृदयरोग्याने कडी न लावता दार नुसते लोटून घ्यावे, किंवा बाहेरून उघडणारी कडी बसवावी. जाग आल्यावर अंथरुणात मिनिटभर बसून मग उठावे. पाणी कोमट असावे, ते आधी पायांवर घ्यावे. बद्धकोष्ठावर उपचार करून घ्यावेत. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. छातीत जडपणा, दरदरून घाम किंवा धाप असताना तो अपचनाचा त्रास समजून शौचालयात एकट्याने जाऊ नये. आधी घरच्यांना उठवावे आणि दवाखाना गाठावा.