पेलाभर पाणी आणि आमची व्हॅन

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र अस्सल नागपुरी आहे.

गेल्या मे महिन्यात काकांनी जुन्या व्हॅनच्या मागच्या सीटा काढून गादी टाकली आणि हे फिरतं घर घेऊन आम्ही चिखलदऱ्याला निघालो. एसी नव्हता. मी घरातला इंजिनीयर (सेकंड इयर!), म्हणून बॅटरीवरचा छोटा कूलर बसवला आणि लू आत येऊ नये म्हणून सगळ्या काचा लावून घेतल्या. पहिली दहा मिनिटं मस्त गेली. अमरावतीच्या अलीकडे आजी म्हणाली, "बाबू, गरगरतंय रे."

चुकलं कुठे? पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, एका लिटरमागे सुमारे 2400 किलोज्यूल. कूलरचं सगळं गणित एवढंच. हवा कोरडी, तर पाणी भराभर उडतं. तापमान 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर चांगला कूलर 27-28 अंशांची हवा देतो. दमट मुंबईत तो का चालत नाही, हे यावरून कळेल.

व्हॅनमध्ये मात्र हवा असते जेमतेम पाच घनमीटर. काचा बंद असतील तर पेलाभर पाणी उडालं की ती हवा चिंब होते. मग कूलरची खसही गार होत नाही आणि अंगावरचा घामही सुकत नाही. घाम म्हणजे शरीराचा कूलर. आजीचा तो कूलर मीच बंद पाडला होता!

काकांनी गाडी कडुलिंबाखाली थांबवली, काचा उघडल्या. ओला दुपट्टा आजीच्या अंगावर टाकून वारा घातला, मग पन्हं दिलं. अर्ध्या तासाने आजी म्हणाली, "घरी कूलर लावला की मी समोरची खिडकी उघडते, ते कधी पाहिलं नाहीस का?"

तेव्हा लक्षात ठेवा: कूलरला बाहेरची हवा द्या, समोरची काच चार बोटं उघडी ठेवा. प्रवास सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी करा. कुणी असंबद्ध बोलू लागलं, तर अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा.

23 मे 2013 ला आपल्या नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले होते. अशा गावात थर्मोडायनॅमिक्स फक्त पेपरपुरतं शिकून भागत नाही!