गोळी बाजूला गेली, दोष कुणाचा?

पुलगावच्या दारूगोळा भांडारामुळे वर्धा जिल्ह्याला ‘काडतूस’ शब्द नवा नाही. एक समज मात्र चुकीचा आहे: गोळी मध्यावर लागली नाही, की काडतूस खराब.

नेमबाज आधी गट (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या खुणांचा झुबका) पाहतो. केळझरच्या एखाद्या दुकानातला काटा दर वेळी पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर त्याचं फक्त शून्य सरकलंय. दर वेळी वेगळंच वजन दाखवणारा काटा खरा बिघडलेला. तसंच, गट घट्ट पण बाजूला पडला तर बहुधा साइटची (नेम धरण्याच्या साधनाची) जुळणी चुकलेली असते. खुणा विखुरल्या, तर काडतुसावरचा संशय रास्त. पण वारा, श्वास आणि चाप ओढणारं बोट यांचीही झाडाझडती घ्यावी. बोट सहसा कबूल होत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचं. यातलं पॉइंट टू-टू काडतूस हाताने पुन्हा भरण्याजोगं नसतं. म्हणून नेमबाज वेगवेगळ्या घाण्यांची (एकाच वेळी बनलेल्या मालाची) काडतुसं आपल्याच रायफलीतून झाडून पाहतात आणि सर्वांत घट्ट गट देणारा घाणा निवडतात.