पावसाळ्यात गिटार जड का होते?

जुलैत दारं चौकटीत अडकतात, तेव्हाच गिटारच्या तारा दाबताना बोटं दुखू लागतात. कारण एकच: लाकूड हवेतलं बाष्प शोषून फुगतं. अकूस्टिक गिटारची वरची फळी जेमतेम 3 मिलिमीटर जाडीची. ती फुगून उचलली जाते, सोबत तारा धरून ठेवणारा ब्रिजही. मग तारा फ्रेटपासून दूर जातात.

अनेक जण लगेच ट्रस रॉड, म्हणजे मानेतली धातूची सळई, पिळतात. पण तो फक्त मानेचा बाक सुधारतो, फळीचा फुगवटा नाही! आधी एकच तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबा. सातव्या फ्रेटजवळ पाव मिलिमीटरच्या आत बारीक फट दिसली, तर मान ठीक आहे. रॉड फिरवावाच लागला, तर एका वेळी पाव फेराच. त्याआधी गिटार सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद केसमध्ये ठेवा आणि आर्द्रता 45 ते 55 टक्के राखा.